पंपाच्या स्टार्टरवर व्होल्टेज मोजताना घ्यावयाची काळजी

थ्री-फेज पंपाच्या दोन फेजमध्ये साधारण ४१५ व्होल्ट असतात. मल्टीमीटरची काळी वायर ‘कॉम’मध्ये, लाल ‘व्ही’मध्येच घाला, लाल वायर ‘१० ए’मध्ये राहिली तर थेट शॉर्टसर्किट होते. नॉब एसी ६०० किंवा ७५० व्होल्टवर ठेवा. हात कोरडे, पायात रबरी बूट आणि खाली कोरडी फळी असावी. बोटे प्रोबच्या कड्याच्या मागे ठेवा.

लाइट गेली म्हणून स्टार्टर उघडू नका. ती केव्हाही येते. आधी मेन स्विच बंद करा, मग तिन्ही फेज आपसात व अर्थिंगशी तपासा. शून्य दिसले तरी तोच मीटर घरातील चालू सॉकेटवर लावून पाहा. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. डीपीवर मात्र स्वतः मोजू नका, वायरमनला बोलवा.