एका छिद्रात तीन काड्या: बेंबीतून पित्ताशय कसं काढतात?

आज आधी एक प्रयोग. एपिसोड पॉज केलात तरी चालेल. अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटलीत एक फुटाणा टाका, चायनीजसोबत आलेल्या दोन चॉपस्टिक आत घाला आणि तो पकडून बघा. काड्या एकमेकींवर आपटतायत ना? बेंबीतल्या साधारण 2 सेंटिमीटरच्या एकाच छेदातून पित्ताशय काढणाऱ्या सर्जनची हीच अडचण. त्यात तिसरी काडी कॅमेऱ्याची!

नेहमीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटावर बहुतेक वेळा 4 छिद्रं असतात. दोन्ही हातांची हत्यारं वेगवेगळ्या बाजूंनी येतात आणि आत कोनात भेटतात. एका छेदात हा कोनच जातो. आत टोकं समांतर, बाहेर मुठीला मूठ लागते.

मग काय करतात? वाकडं किंवा टोकाशी वळणारं हत्यार घेतात. पण बेंबीपाशी त्यांची फुली झाली, की उजव्या हातातलं टोक स्क्रीनवर डावीकडे दिसतं. मेंदूला हे पचायला वेळ लागतो! मुठी वर-खाली राहाव्यात म्हणून एक हत्यार लांब, एक आखूड. कॅमेराही लांब आणि 30 अंश तिरका बघणारा, म्हणजे तो धरणाऱ्याचा हात बाजूला राहतो. एक हत्यार हलताना दुसरं शक्यतो स्थिर ठेवायचं. काही जण पोटाच्या भिंतीतून धागा ओवून पित्ताशय वर टांगतात, तेवढीच एक काडी कमी.

ही ओढ नीट मिळणं फार महत्त्वाचं आहे बरं का. कापण्याआधी पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी, त्याची नळी आणि रक्तवाहिनी, स्पष्ट सुट्या दिसायला हव्यात. ओढ चुकीच्या दिशेने लागली तर यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका त्याच रेषेत येते आणि पित्ताशयाची नळी समजून कापली जाऊ शकते. मग पुन्हा मोठं ऑपरेशन, पुढे कितीतरी वर्षांचा त्रास.

म्हणून चित्र स्पष्ट होत नसेल, तर 5 मिलिमीटरचं आणखी एक छिद्र सरळ घ्यावं. यात हार कसली? व्रण बेंबीत लपतो हे खरं, पण तिथला छेद मोठा असल्याने पुढे हर्निया होण्याची शक्यताही थोडी वाढते. घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं, तर सर्जनना आधीच विचारा: "डॉक्टर, गरज पडली तर दुसरं छिद्र घ्याल ना?"