जुन्या दाराचा रंग काढताना

म्हसवडकर मंडळी, मार्गशीर्षातल्या सिद्धनाथाच्या रथोत्सवाआधी जुनी दारे-चौकटी रंगवायचे मनात आहे ना? मग जुना रंग जपून काढा. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असे. त्यावर कडक मर्यादा लागू झाली ती २०१७ साली. शिशाने लहानग्यांच्या मेंदूला इजा होते. रंगाचे पोपडे चाटून गुरेही दगावतात.

म्हणून रंग स्टोव्हवर जाळू नका, कोरडा घासू नका. दार गोठ्यापासून दूर, उघड्यावर, प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवा. मुले आणि गरोदर बायका जवळ नकोत. रबरी हातमोजे घालून, धुण्याचा सोडा गरम पाण्यात कणकेबरोबर कालवून जाड लेप द्या. रंग मऊ झाला की ओला असतानाच बोथट पत्र्याने खरवडा, मग स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. सोड्याने सागवान काळवंडते, तेव्हा आधी कोपऱ्यात करून पाहा. चपड्याचे पॉलिश असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने सुटते. तेव्हा चूल, विडी लांब ठेवा.

पोपडे चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. झाकणाच्या डब्यात भरून, घातक कचरा म्हणून सांगून नगरपालिकेच्या गाडीत वेगळे द्या. कामाचे कपडेही वेगळे धुवा, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू नका.

दार उजळेलच, घरची लेकरे-गुरेही सुखरूप राहतील.