हक्काचे पाणी, हातात वल्हे

दर वर्षी २० मार्चला आपल्या गाड्या मुंबई-गोवा महामार्गाने महाडकडे निघतात. महाडच्या अलीकडे कोलाड लागते. तिथे आत वळले की कुंडलिका नदीवर रंगीबेरंगी होड्या आणि राफ्ट चालतात. आपल्यापैकी फार थोडे जण तिकडे वळतात. पैसा हे त्याचे एक कारण. दुसरे कारण भीती, आणि या भीतीला इतिहास आहे.

१९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्यायले. त्या पाण्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. पिण्याच्या पाण्यासाठी एवढे झगडावे लागले, तिथे पोहण्याची गोष्टच सोडा. खेड्यात पोहायला शिकायची शाळा म्हणजे विहीर. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा आणि काका-मामाच्या भरवशावर उडी घ्यायची. ज्या विहिरीला हात लावायची मनाई, तिच्यात उडी कोण मारू देणार? नदीकाठच्या आपल्या वस्त्यांत पट्टीचे पोहणारे होऊन गेले, हे खरेच. पण अनेक घरांत आईने लेकराला एवढेच शिकवले, की पाण्याजवळ जाऊ नकोस.

माया होती ती. पण त्याने मूल वाचत नाही. ते मोठे होते, मित्रांबरोबर धरणावर जाते, सेल्फी काढताना पाय घसरतो. परिचारिका म्हणून अपघात विभागात काम करताना अशी मुले आणलेली आम्ही पाहिली आहेत. बहुतेक वेळा सोबतच्या कुणालाच काय करायचे ते ठाऊक नसायचे. म्हणून आम्हाला वाटते, की पाण्याशी ओळख करून घेणे हा आपल्या आरोग्याचा प्रश्न आहे. या ओळखीची एक सोपी वाट म्हणजे कयाक.

कयाक म्हणजे काय?

कयाक ही लांबट, अरुंद, एका-दोघांची होडी. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या इनुइट आणि इतर मूळनिवासी लोकांनी ती घडवली. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ही होडी बनवत आणि तिच्यातून शिकारीला जात. म्हणजे हा खेळ मुळात कष्टकऱ्यांचे साधन आहे, श्रीमंतांची चैन नव्हे. आता ती बहुधा प्लॅस्टिकची असते आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. नवशिक्यांनी वरून उघडी, तिच्यावर बसायची कयाक घ्यावी. ती उलटली तरी माणूस आत अडकत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा जणी एका शांत तलावावर हे शिकलो. वय पस्तीस ते साठ. सहापैकी चौघींना पोहता येत नव्हते. प्रशिक्षकाने आधी लाइफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात नुसते तरंगायला लावले. आपण बुडत नाही, हे अंगाला कळल्याशिवाय पुढचे काही शिकता येत नाही.

काठावरची तयारी

लाइफ जॅकेट मापाचे हवे. सगळे पट्टे लावल्यावर दुसऱ्याने खांद्यापाशी धरून वर ओढून पाहावे. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले, तर ते ढिले आहे. साडी किंवा ओढणी नको, अंगाला बसणारे कपडे आणि पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट असावेत. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, सोबत पाण्याची बाटली.

होडीत पाठ ताठ ठेवून बसावे. गुडघे थोडे वाकलेले आणि पाय खोबणीला टेकलेले असावेत. वल्हे डोक्यावर आडवे धरून पाहावे. दोन्ही कोपरे काटकोनात आली, की हातांची जागा बरोबर आहे. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे हवी. मूठ सैल ठेवावी, नाहीतर तासाभरात तळहाताला फोड येतात.

पाण्यावर

पुढे जाण्यासाठी पाते पायाच्या बोटांजवळ पाण्यात पूर्ण बुडवायचे, कंबरेपासून धड वळवत मागे आणायचे आणि कंबरेपाशी आले की बाहेर काढायचे. मग दुसरी बाजू. नवशिके नुसत्या दंडाने ओढतात आणि दहा मिनिटांत थकतात. आमच्यातल्या साठीच्या ताईंना हे सगळ्यात आधी जमले. त्या म्हणाल्या, “जात्यावर दळताना कंबर फिरते ना, तसंच आहे हे.” अगदी तसेच. बळ पाठीचे आणि पोटाचे, हात फक्त धरायला.

वळण्यासाठी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत पात्याने पाण्यावर मोठे अर्धवर्तुळ काढायचे. उजवीकडे काढले की होडी डावीकडे वळते. थांबण्यासाठी पाते मागे बुडवून पुढे ढकलायचे. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, असे तीन-चार छोटे धक्के पुरतात. सुरुवातीला होडी नागमोडी जाते. अशा वेळी नजर होडीच्या टोकावर न ठेवता लांबच्या एखाद्या झाडावर ठेवावी. डोलली म्हणून कडा धरू नये, वल्हे पाण्याला टेकलेले ठेवावे.

एक जपायचे. हात खांद्याच्या वर नेऊ नका आणि ताणून अंगामागे नेऊ नका. कयाक चालवताना खांदा निखळतो तो बहुधा अशाच स्थितीत.

उलटली तर

उलटणे हा धड्याचाच भाग आहे. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकासमोर मुद्दाम उलटून पाहावे. पाण्यात पडल्यावर होडी सोडू नये, तीही तरंगते आणि लांबून दिसते. ती सरळ करून मधोमध धरावी, पाय मारत पोटावर वर सरकावे आणि मग वळून बसावे. घाबरल्यावर श्वास अडकतो. तेव्हा आधी एक लांब उच्छ्वास सोडावा. विहारात आनापानसती करणाऱ्यांना हे नवीन नाही, फक्त जागा बदलली.

पावसाळ्यात, पुरात आणि एकट्याने जाऊ नये. धरणाखालच्या नदीत पाणी सोडल्यावर पातळी अचानक वाढते. बंधाऱ्याखाली घुसळणारे पाणी माणसाला धरून ठेवते, त्याच्या जवळपासही फिरकू नये.

कुणाला फायदा, कुणी जपावे

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. कयाकमध्ये पाठ, खांदे, पोट आणि हृदय यांना व्यायाम होतो आणि गुडघ्यांवर शरीराचा भार पडत नाही. गुडघेदुखीमुळे चालणे सोडलेल्या बायकांना हा चांगला पर्याय आहे.

सिकलसेलबद्दल वेगळे सांगायला हवे. विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या समाजातही हा आजार आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला थंड पाणी, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे या तिन्हींमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. अशांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे, गार पाणी टाळावे, घोट घोट पाणी पीत राहावे आणि थकण्याआधी थांबावे. वाहकांनीही तहान लागेपर्यंत दमछाक करू नये. ज्यांची तपासणी झाली नाही, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करून घ्यावी.

फिट येणारे, हृदयरोगी आणि गरोदर भगिनी यांनी आधी सल्ला घ्यावा. दमेकऱ्याने इन्हेलर आणि मधुमेह्याने साखर जलरोधक पिशवीत जवळ ठेवावी. पायाला जखम असेल तर साचलेल्या किंवा गढूळ पाण्यात उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. नंतर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही दिसले, तर पाण्यात गेल्याचे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर

पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे, खांद्यावर घेऊन गरगर फिरवणे हे सगळे बंद करा. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालू आहे का ते पाहा आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, कारण बुडालेल्याला प्राणवायूच कमी पडलेला असतो. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच, त्रास काही तासांनी वाढू शकतो. आणि पोहता येत नसेल तर वाचवायला उडी मारू नका. काठावरून दोरी, काठी, ओढणी किंवा रिकामा कॅन फेका.

ज्यांना वाटते की हे आपल्या शरीराला जमणार नाही, त्यांना ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांच्याविषयी सांगू. कमरेखाली शरीराची साथ नसताना त्या भोपाळच्या तलावावर सराव करून टोकियो पॅरालिम्पिकच्या पॅरा कॅनो स्पर्धेत उतरल्या आणि २०२३ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

सगळ्यांनी स्पर्धेत उतरावे असे आमचे म्हणणे नाही. पण भीमजयंतीच्या वर्गणीतून चार चांगली लाइफ जॅकेट घेता येतात. ती विहारात ठेवावीत, सहलीला जाणाऱ्या मुलांनी घेऊन जावीत. उन्हाळी सुट्टीत एका रविवारी परिचारिका किंवा डॉक्टर बोलावून विहारातच श्वास देणे आणि छाती दाबणे शिकून घ्यावे. त्यानंतर दहा-बारा मुली आणि त्यांच्या आया मिळून प्रशिक्षकासह एखाद्या शांत तलावावर जावे. मुली लवकर शिकतील. आयांना थोडा वेळ लागेल, तो त्यांना द्यावा.

जय भीम!