पुरवून वापरण्याचे शिक्षण

शाळेने मुलांना काय शिकवावे यासंबंधी बोलावयास उभे राहिले की वक्त्याला बहुधा एक नवा विषय सुचतो, त्या विषयाचे पुस्तक सुचते आणि पुस्तकापाठोपाठ परीक्षाही सुचते. ‘शाश्वत उपभोग’ ह्या हल्लीच्या भारदस्त शब्दाचे हेच होऊ पाहत आहे. शब्द नवा असला तरी अर्थ आपल्या घरांतून जुनाच आहे. वस्तू घेताना ती खरोखर हवी आहे का हे पाहावे, घेतल्यावर ती पुरवून वापरावी आणि आपले काम झाले की ती दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी व्यवस्था करावी, इतकाच तो अर्थ. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली जगापुढे जी सतरा उद्दिष्टे ठेवली, त्यांतले बारावे ह्याच गोष्टीचे आहे.

हा विषय शाळेत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच दिला आणि आज मुले त्यावरची उत्तरे उत्तम लिहितात. अडचण उत्तरांची नाही. ‘प्लॅस्टिकचे दुष्परिणाम’ ह्या प्रकल्पासाठी मुलगा दुकानातून थर्मोकोलचा ताव, चकचकीत कागद, छापील चित्रे आणि वरून घालावयास प्लॅस्टिकचे वेष्टन आणतो. प्रकल्पाला गुण मिळतात आणि पंधरवड्यात तो कचऱ्यात जातो. एकदा वापरून फेकावयाच्या प्लॅस्टिकच्या व थर्मोकोलच्या वस्तूंवर महाराष्ट्र सरकारने २०१८ साली बंदी घातली, हे त्याच प्रकल्पात सुंदर अक्षरात लिहिलेले असते! मुलाने वहीत एक धडा लिहिला आणि हाताने दुसराच गिरवला. शाळा स्वतः काय विकत घेते, पालकांना काय घ्यावयास लावते आणि काय टाकून देते, हाच ह्या विषयाचा खरा अभ्यासक्रम होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुस्तकांचेच पाहा. ह्या सभागृहातील वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल की, निकाल लागला की वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तके निम्म्या किमतीत ठरवून ठेवावयाची, फाटलेली पाने खळीने चिकटवावयाची, खाकी कव्हर घालावयाचे, हा एप्रिलअखेरचा ठरलेला उद्योग असे. वह्यांतली कोरी पाने काढून, दाभणाने टोचून त्यांची कच्च्या कामाची वही शिवली जाई. हे कोणी पर्यावरणासाठी करीत नसे. पैसे नव्हते म्हणून करीत. पण पुस्तक पुढे कोणाला तरी जावयाचे आहे, हे ठाऊक असल्यामुळे मूल ते जपून हाताळी.

ही रीत का मोडली? घरोघर पैसा आला हे एक कारण. परंतु सगळा दोष पैशाला देऊन चालणार नाही. अभ्यासक्रम बदलले. पुस्तकातच उत्तरे लिहावयाच्या रिकाम्या जागा आल्या. पाठ्यपुस्तके मोफत मिळू लागली हे फार चांगले झाले, पण ती दरवर्षी नवी कोरी मिळत असल्याने जुन्यांची आठवण कोणाला राहणार? २०२३-२४ साली आपल्या राज्यात दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पाने घातली गेली. दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा हेतू चांगलाच. पण लिहिलेले पुस्तक धाकट्या भावाच्या कामाचे राहत नाही. तो प्रयोग २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. शाळेला करण्यासारखे काम सोपे आहे: वर्गाचा एक पुस्तकसंच शाळेच्या मालकीचा ठेवावा, वर्षअखेरीस तो परत घ्यावा आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर वापरणाऱ्यांची नावे वर्षवार लिहीत जावी. कागदाचा लगदा करून पुन्हा कागद करता येतो हे खरे, पण दर खेपेला त्यातले तंतू आखूड होत जातात आणि पाच-सात खेपांनंतर तो कागदाच्या कामाचा राहत नाही. तेव्हा रद्दीच्या आधी पुनर्वापर, हा क्रम मुलांना कारणासकट कळला पाहिजे.

वस्तूची किंमत कळावयाची, तर ती एकदा तरी हाताने करून पाहावी लागते. हा विचार आपल्याकडे वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना आखली. ‘नई तालीम’ म्हणजे टकळी फिरविणे, अशी टिंगल पुढे पुष्कळ झाली. त्यात काही तथ्यही होते. अनेक ठिकाणी ते यांत्रिक झाले. परंतु वाटीभर कापसातून किती सूत निघते आणि एका सदऱ्याला किती लागते, हे ज्याने मोजले, तो सदरा सहजासहजी टाकत नाही. बंद पडलेली सेवाग्रामची शाळा २००५ साली ‘आनंद निकेतन’ ह्या नावाने पुन्हा सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

प्रत्येक शाळेला टकळी जमेलच असे नाही. मोजणे मात्र सर्वांना जमेल. गळक्या नळाचा सेकंदास एक थेंब पडला, तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी जाते. वीस वर्ग, प्रत्येकात ७५ वॅटचे चार जुने पंखे, मधल्या सुटीत अर्धा तास उगाच चालू राहिले, तर रोज तीन युनिट वीज खर्च होते आणि २२० दिवसांत ६६० युनिट. गणिताच्या तासाला हे उदाहरण आपल्याच शाळेच्या वीजबिलावरून घालावे. मुख्याध्यापकांनी बिल फळ्यावर लावण्याची तयारी मात्र हवी. बहुतेक ठिकाणी गाडे तेथेच अडते.

आता एक नाजूक बाब. काटकसरीचा उपदेश कोणाला करावयाचा? ज्याच्या दप्तराला दोनदा ठिगळ लागले आहे, त्याला हे शिकविण्याची गरज नाही. त्याला लाज वाटू नये, एवढीच गरज आहे. शाळेच्या पोषण आहारात प्राथमिक वर्गातल्या मुलाला १०० ग्रॅम आणि वरच्या वर्गात १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण असते. त्यातले काही ताटात उरलेच, तर मुलाला दटावण्याआधी भात कसा शिजला होता हे पाहावे. उलट, वाढदिवसाला सबंध वर्गाला प्लॅस्टिकच्या पुड्यांतून खेळणी वाटणारी शाळा जुने दप्तर आणणाऱ्याला न बोलता हिणवत असते. जुनी वस्तू गरिबीची खूण न राहता साऱ्या वर्गाची रीत झाली पाहिजे आणि ते शाळेच्या नियमानेच होऊ शकते. एकट्या आईबापांना मुलाच्या हट्टापुढे ते साधत नाही.

आणि येथे पालकांचा अधिकार येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. ह्या सभांतून फी व बससंबंधी बोलणे होते; शाळेने दिलेल्या वस्तूंच्या यादीसंबंधी सहसा होत नाही. गेल्या वर्षीची अर्धी कोरी वही चालेल की नाही, गणवेश बदलण्याचे कारण काय, प्रकल्पाला घरातलेच सामान वापरावे असा नियम करता येईल का, हे विचारावयाचे ते यादी छापण्यापूर्वी, म्हणजे एप्रिलच्या सभेत. विदर्भात शाळा थोड्या उशिरा उघडतात, तेव्हा तिकडच्या मंडळींना काही दिवस जास्तीचे मिळतात.