कळतं, पण वळत नाही

तीन वर्षांच्या मुलासमोर दोन खोकी. एकावर निळा ससा, दुसऱ्यावर लाल होडी. मुलाच्या हातात लाल सशाचं कार्ड. "रंगाचा खेळ आहे," असं सांगितलं की ते बरोबर लाल खोक्यात पडतं.

मग नियम बदलतो: "आता आकार बघायचा." तरी ससा होडीच्याच खोक्यात!

कॅनडात फिलिप झेलाझो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अशा खेळात मुलांना नवा नियमच विचारला. बहुतेकांनी खोकं बरोबर दाखवलं आणि लगेच कार्ड जुन्या नियमानं टाकलं. सूचना समजली होती; जुना नियम सुटत नव्हता. चार-पाच वर्षांच्या मुलांना हा बदल सहसा जमतो.

म्हणून "किती वेळा सांगायचं?" असं ओरडण्याआधी लहानग्याला थोडा वेळ द्या.