देवमासा : म्हशीचा दूरचा भाऊबंद

मंडळी, नांदेड-लातूरपासून समुद्र फार लांब. गोदावरी-मांजरेच्या पाण्यात मरळ सापडेल, देवमासा नाही. तरी त्याच्या कुळाची गोष्ट थेट आपल्या गोठ्यापाशी येऊन पोचते. ती कशी, ते पाहू.

देवमासा हा मासा नव्हेच. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसे आहेत. श्वासासाठी पाण्यावर यावेच लागते. मादी पिल्लाला दूध पाजते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश शेकडा सातच्या आसपास, तर निळ्या देवमाशाच्या दुधात पस्तीसच्याही वर! माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, याची वर-खाली. चौखूर उधळलेल्या जनावराची पाठ वाकते ना, अगदी तशी.

मग हे जनावर पाण्यात गेलं कसं? भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूकडील कालाकोट येथे जमविलेल्या दगडांतून 'इंडोहायस' या प्राण्याची हाडे निघाली. हान्स थेविसन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा हा खुरांचा लहानसा प्राणी. पण कानाचे हाड देवमाशासारखे, आणि पायांची हाडे जड, म्हणजे उथळ पाण्यात वावरायला सोयीची. हा देवमाशाचा आजा-पणजा नव्हे, चुलत घराण्यातला. आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा; गाय-म्हैस त्याच भावकीतल्या, जरा लांबच्या. आपल्या काळ्या रानाखालचा खडक सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे देवमाशाचे कूळ त्याहून धाकटे!

जून 2015 मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे 42 फुटी निळा देवमासा लागला आणि मेला. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला आलेले पिल्लू लोकांनी खटपट करून समुद्रात सोडले, तेही वाचले नाही. हवेवर जगणारा प्राणी उघड्या हवेत का मरावा? पाण्यात त्याचे अंग तोललेले असते. वाळूवर स्वतःचेच ओझे छातीवर येते, आणि चरबीच्या जाड थरामुळे अंग तापते. कधी कोकणात असे दिसले, तर आधी वनखात्याला कळवावे, अंग ओले ठेवावे. पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नये, आणि शेपटीला दोर बांधून ओढू नये.

आपल्या शेणखताने रान पिकते, तसे देवमाशाच्या विष्ठेतून समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींना खत मिळते. त्यांच्यावर पुढे माशांचे पोट भरते.

गुरुजी, वर्गात देवमासा आणता येणार नाही. पण म्हशीचे दुभंगलेले खूर मुलांना दाखवा आणि ही भावकी समजावून सांगा. समुद्र न पाहिलेल्या मुलालाही देवमासा परका वाटणार नाही.