उतार चढण्याआधी

सह्याद्रीत भटकणाऱ्याला घसारा, सुटे दगड आणि फुगलेले ओढे ओळखता येतात. हे धोके डोळ्यांना दिसतात. हिमालयाच्या हिवाळ्यात मात्र सर्वांत मोठा धोका बर्फाच्या पोटात दडलेला असतो. आता मराठी ट्रेकर हिवाळ्यातही केदारकांठा, गुलमर्ग गाठू लागले आहेत, म्हणून तो समजून घ्यायला हवा.

गुलमर्गचा अफरवाट डोंगर पाहा. तिथला रोपवे पर्यटकांना चार हजार मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. आखलेल्या वाटेबाहेर पडले की मोकळे, धोक्याचे उतार सुरू होतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी इथे दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले. त्याआधी ८ फेब्रुवारी २०१० रोजी जवळच्या खिलनमर्गमध्ये लष्कराच्या १७ जणांचा बळी गेला होता. ते उंचावरील युद्धाच्या प्रशिक्षणासाठी आले होते. कसलेल्या माणसांनाही हिमस्खलन सोडत नाही.

हे घडते कसे? हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. खालची जमीन त्यामानाने उबदार, वरची हवा कडाक्याची थंड. त्यामुळे बर्फातली वाफ वर सरकते आणि तळाचे कण एकमेकांना न चिकटणाऱ्या साखरेच्या दाण्यांसारखे होतात. पुढे पश्चिमी झंझावात येतो, दोन-तीन दिवस हिमवर्षाव होतो आणि वारा तो बर्फ उताराच्या आडोशाच्या बाजूला नेऊन दाबतो. भुसभुशीत तळावर घट्ट लादी बसते. मग एखाद्या माणसाच्या वजनानेही तळ ढासळतो, लादीला तडा जातो आणि सगळा उतार सुटतो. जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांत हिमस्खलन सुरू करणारा स्वतः बळी किंवा त्याचाच सोबती असतो.

अशी बहुतेक स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. खुणाही असतात: शेजारच्या उतारावर ताजे स्खलन, पायाखाली 'व्हुम्फ' असा दबका आवाज, पावलापासून पळत जाणारी भेग, नुकताच झालेला जोरदार हिमवर्षाव, एकदम वाढलेले तापमान. यातले काहीही दिसले तर कमी चढाचा मार्ग धरावा किंवा परतावे. मात्र तीव्र उताराच्या पायथ्याची सपाट जागाही सुरक्षित नसते. धोक्याचा पट्टा ओलांडणे टळतच नसेल, तर एका वेळी एकानेच जावे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी.

गाडले गेल्यावर हाताशी वेळ फार थोडा असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर बहुतेक जण वाचतात; त्यानंतर ती आशा झपाट्याने मावळते. एवढ्या वेळात बाहेरचे बचाव पथक पोहोचणे कठीण. म्हणून प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग काढणारे रेडिओ-यंत्र), शोधकाठी आणि फावडे हवे. तिन्हींचा सराव नसेल तर ते नुसते ओझे.

डीआरडीओची डीजीआरई ही प्रयोगशाळा हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते. ट्रेकचे पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारा. हे इशारे रोज कोण पाहतो? प्रत्येकाला ट्रान्सीव्हर देऊन सराव घेता का? परत फिरायचे ठरवण्याचा अधिकार कोणाला? उत्तरे गुळमुळीत आली, तर त्या ट्रेकला जाऊ नका.